पसायदानातला ‘आरव’ म्हणजे काय? नेवाशात गीता सोपी करून सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांची गोष्ट

शाळेत पसायदान तुम्हीही म्हटलं असेल. पण त्यातली ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणा आणि ‘आरव’ म्हणजे बाग, हे माहीत होतं? गंमत म्हणजे, ज्यांचे हे शब्द, त्यांनी अवघड ग्रंथ सोपा करण्यासाठीच लेखन केलं होतं.

परंपरेनुसार ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ साली पैठणजवळच्या आपेगावात झाला. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, म्हणून चारही भावंडं ‘संन्याशाची पोरं’ ठरली, वाळीत पडली. त्यांना बाहेर ठेवणारं शास्त्र संस्कृतात होतं. सामान्य माणसाला ते वाचताही येत नव्हतं.

थोरला भाऊ निवृत्तिनाथ हेच गुरू. त्यांच्या आज्ञेवरून १२९० मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात, प्रवरेकाठी, ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत उलगडली. वय जेमतेम १५. श्लोक ७००, ओव्या सुमारे ९ हजार! दाखले मात्र आई-लेकराचे, दिव्याचे, पाण्याचे. सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतलं. ज्याला टेकून ज्ञानेश्वर बसायचे असं मानतात, तो ‘पैस’ खांब आजही तिथे आहे.

१२९६ मध्ये, २१व्या वर्षी, त्यांनी आळंदीला समाधी घेतली.

पुढे नकला करताना पाठ बदलत गेले. १५८४ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत तयार केली. आता दुकानात बहुतेक जण ‘सार्थ’ ज्ञानेश्वरी मागतात, म्हणजे प्रत्येक ओवीखाली आजच्या मराठीत अर्थ दिलेली.