वाटाण्याचं रोप आणि फाळक्यांचं कर्ज

मी मेहकरचा. सुट्टीत गावी गेलो की लोणारला जाऊन सरोवरावरून सरकणाऱ्या ढगांचा टाइम-लॅप्स काढायचा, हा माझा छंद. परवा एका लॉजवाल्याने तो व्हिडिओ विकत मागितला आणि विचारलं, बिल मिळेल ना? बिल कुठून देणार, आपलं सगळं हौसेचं! तेव्हा दादासाहेब फाळके आठवले. त्यांनाही सिनेमासाठी पैसे मिळाले ते एका टाइम-लॅप्समुळेच.

१८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांना छंद काही कमी नव्हते: चित्रकला, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग. छपाईचा तर त्यांनी धंदाच केला, पण भागीदारांशी पटेना म्हणून छापखाना सोडला. पुढे मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमा डोक्यात बसला. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले, विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

पण भांडवल कोण देणार? हा माणूस नक्की काय बनवणार, हेच लोकांना कळेना. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढेल तसतशी थोड्या थोड्या वेळाने फ्रेम घेत गेले. सलग दाखवल्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलं. आज फोनमध्ये हे एका बटणावर होतं. तेव्हा सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या तरी मिनिटभराच्या फिल्मला ९६० लागायच्या, आणि कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं! आपल्या भाषेत हा डेमो. तो पाहून कर्ज मिळालं.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पत्नी सरस्वतीबाईंनी सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, शिवाय कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडायचं कामही. आजच्या स्टार्टअपमध्ये त्यांना सहसंस्थापक म्हटलं असतं.

सिनेमे चालले, पण भांडवलाची ओढाताण संपेना. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. इथेही पैसेवाल्यांशी खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी परत त्याच कंपनीत आले. नंतर बोलपट आले, त्यांचं काम मागे पडलं. १९४४ मध्ये नाशिकला ते गेले तेव्हा हाताशी फारसा पैसा नव्हता.

लॉजवाल्याला चार दिवस थांबायला सांगितलंय. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. रविवारी तेवढं करून त्याला रीतसर बिल पाठवतो.