आनंदीबाईंची शिदोरी

मुलीला शिकायला अकोल्याला किंवा अमरावतीला ठेवायचं म्हटलं तरी घरात चार-चार दिवस चर्चा चालायची, तो काळ काही फार जुना नाही. आता आपल्या वाशीम, रिसोड, कारंज्यातूनही एखादीची लेक जर्मनीला नाहीतर ऑस्ट्रेलियाला शिकायला निघते. मग आईची धावपळ सुरू! शेवया, कुरड्या, मेतकूट, लोणच्याची बरणी... बॅगेचं वजन वाढतच जातं. अशा प्रत्येक मायलेकीनं आनंदीबाई जोशी यांची गोष्ट एकदा नव्यानं वाचावी. पहिली महिला डॉक्टर म्हणून त्यांचं नाव आपण शाळेत पाठ केलं. पण घरापासून हजारो मैल दूर, परक्या थंडीत एकटीनं शिकणारी ती एक अठरा वर्षांची विद्यार्थिनीही होती, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

मूळची ही कल्याणच्या घरातली यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठे. बायकोनं शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्या काळी बायकोनं पुस्तक हातात घेतलं म्हणून घरचे रागावत, इथे उलटंच! अभ्यास केला नाही म्हणून तिनं मारही खाल्ला. गोपाळरावांचं श्रेय मोठं आहेच, पण त्यांच्या स्वभावाचा जाचही तिनं पुष्कळ सोसला.

चौदाव्या वर्षी आनंदी आई झाली. बाळ जेमतेम दहा दिवस जगलं. बाळ-बाळंतिणीला वेळेवर औषधपाणी मिळालं नाही. बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला लाजत आणि बाई डॉक्टर तर कुठे नव्हतीच. आपण डॉक्टर व्हायचं, हे तिनं ठरवलं ते या दुःखातून. कशासाठी जायचं, याचं उत्तर तिच्याजवळ पक्कं होतं. आज परदेशी निघणाऱ्या मुलीजवळही ते असायला हवं. मैत्रीण गेली म्हणून आपणही, असं केलं की पहिल्याच हिवाळ्यात पाय डगमगतात.

आनंदीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत होत्या, तेव्हा ते त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी आपणहून आनंदीला पत्र धाडलं. पुढे तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. एकमेकींना न बघताच आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. अमेरिकेत पाय ठेवण्याआधीच तिथं तिचं एक घर तयार झालं होतं!

जायचं ठरल्यावर लोकांनी बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भरसभेत उभं राहून आपण का जाणार, ते शांतपणे सांगितलं. धर्म सोडणार नाही, हेही सांगितलं. दागिने विकून पैसा उभा केला. ७ एप्रिलला कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या, त्या एकट्याच. गोपाळराव मागेच राहिले. बोटीवर खाण्यापिण्याचे हाल झाले. धर्म बदलावा म्हणून सोबतच्या मिशनरी बायकांनी मागे लागणं वेगळंच. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला न्यूयॉर्क आलं. मावशी उतरवून घ्यायला हजर होत्या.

पहिले काही महिने आनंदीबाई मावशींच्या घरीच राहिल्या. तिथली बोलण्याची लकब, उठणं-बसणं, ऋतू यांची ओळख तिथंच झाली. मग ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली. इथवर सगळं छान जमून आलं होतं.

खरी कसोटी लागली ती राहत्या खोलीत. खोलीतली शेकोटी नीट पेटेना. पेटवली तर धूर, विझवली तर थंडी! आपल्याकडे कडक उन्हाची सवय, आणि फिलाडेल्फियात हिवाळ्यात बर्फ पडतं. आनंदीबाई शाकाहारी. स्वतःचं स्वतः रांधायचं आणि उरलेल्या वेळात शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचायची. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. वेष आपलाच ठेवला, पण हवेप्रमाणे बदलून घेतला. तरी गोपाळरावांना ते रुचलं नाही. त्यांची टोचून लिहिलेली पत्रं यायची आणि इकडे जीव कष्टी व्हायचा. दूर असलेल्या लेकीला लिहिताना, आता फोनवर बोलताना, हे आपणही ध्यानात ठेवलेलं बरं.

कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली याही शिकत होत्या. १८८५ साली तिघींनी आपापल्या देशाच्या पोशाखात काढलेला फोटो आजही पाहायला मिळतो. परक्या गावात परकीच परकीला समजून घेते!

तब्येत मुळातच नाजूक. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा घेऊनच त्या गेल्या होत्या. तिथली थंडी, अपुरं जेवण आणि अभ्यासाचा ताण यांनी शरीर पोखरत गेलं. पण त्यांनी नेट सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. पदवी हाती पडली, तेव्हा समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्या दहा दिवसांच्या बाळाला आई विसरली नव्हती.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट बघत होती. १६ नोव्हेंबर १८८६ला त्या मुंबईत उतरल्या, त्या क्षयानं खंगलेल्या. ज्यांनी नावं ठेवली होती, तेच आता कौतुक करत होते. पण कोल्हापूरला जाणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बावीस पूर्ण व्हायलाही महिना बाकी होता. अस्थी मावशींकडे अमेरिकेत पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत.

क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, म्हणून दोष कुणाला द्यायचा? आज औषधं आहेत, दवाखाने आहेत. तरीही घरच्यांना काळजी नको म्हणून आजार लपवणाऱ्या, पैसे वाचवायला एका वेळच्या जेवणावर भागवणाऱ्या मुली असतातच. म्हणून निघण्याआधी तब्येतीची तपासणी करून घ्या, दातसुद्धा! आरोग्य विमा काय काय देतो, ते नीट वाचा. विद्यापीठाचा दवाखाना आणि परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय कुठे, ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. खोलीचं भाडं ठरवताना हीटर चालतो का, हे आधी विचारा. गरम कपड्यांत काटकसर नको. लोणचं-पापड जरूर न्या, पण त्या देशात काय नेऊ देतात ते बघून. आणि चार पदार्थ स्वतः रांधायला शिकून जा, कारण बरणी महिन्या-दोन महिन्यांत संपते.

आयांनो, फोनवर मार्कांच्या आधी विचारा, जेवलीस का, झोप लागते का? शिक्षणाची वाट आनंदीबाईंनी केव्हाच मोकळी करून दिली आहे. त्या वाटेनं लेक जाऊ दे, शिकू दे आणि धडधाकट घरी येऊ दे!