दीडशे डॉलरचा बटाटा

अमेरिकेत फ्रेंच फ्राइज मागवलेत, तर पाकिटातून निघणारी लांबलचक काडी बऱ्याचदा 'रसेट बरबँक' बटाट्याची असते. हे नाव ल्यूथर बरबँकचं. जन्म १८४९ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टरचा. वडिलांच्या पंधरा मुलांपैकी हा तेरावा. कॉलेजात कधी गेला नाही. पण माणसाच्या हाताखाली पिकं आणि पाळीव प्राणी कसे बदलतात, यावरचं डार्विनचं पुस्तक विशीच्या आत-बाहेर हाती पडलं आणि पठ्ठ्याने शेतीच धरली.

बटाटा आपण डोळे लावून वाढवतो, म्हणून प्रत्येक रोप आईची हुबेहूब नक्कल असतं. बियांपासून लावला, तर प्रत्येक रोप वेगळं निघतं. बरबँकला शेतात 'अर्ली रोज' जातीच्या वेलावर बियांचं एक फळ दिसलं. त्या जातीला फळ क्वचितच धरतं. आत २३ बिया निघाल्या. त्याने सगळ्या लावल्या, एकेक रोप खणून पाहिलं आणि त्यातलं एक सरस रोप निवडलं. तोच बरबँक बटाटा. त्यातच पुढे आपोआप बदल होऊन जाड, खरखरीत सालीचा रसेट आला.

या बटाट्याचे हक्क विकून त्याला किती मिळाले असतील? फक्त १५० डॉलर! १८७५ मध्ये स्वतःचेच दहा बटाटे सोबत घेऊन तो कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाला पोहोचला.

तिथे पन्नास वर्षं त्याने एकच उद्योग केला: संकर करायचा, हजारो रोपं वाढवायची, त्यातली मोजकी ठेवायची आणि बाकीची जाळून टाकायची. शास्ता डेझी हे पांढरंशुभ्र फूल चार प्रकारच्या डेझींमधून उतरवायला त्याला सुमारे सतरा वर्षं लागली. प्लम, बिनकाट्यांचं निवडुंग, फुलं, भाज्या असे आठशेहून अधिक वाण त्याच्या नावावर आहेत. रांगेतून चालता चालता तो कामाचं रोप हेरायचा, असं त्याला पाहणारे सांगत.

आता गोम इथेच आहे. वाटाण्याची रोपं मोजून मेंडेलने लिहिलेला निबंध १९०० मध्ये जगाला नव्याने सापडला आणि आनुवंशिकीचं शास्त्र उभं राहिलं. बरबँककडे तसं लिहिलेलं फारसं नव्हतं. कोणत्या रोपाचे आईबाप कोण, किती रोपांत कोणता गुण उतरला, याच्या पद्धतशीर नोंदीच नव्हत्या. १९०५ पासून कार्नेगी संस्थेने त्याला वर्षाला १०,००० डॉलर दिले आणि त्याची पद्धत टिपून घ्यायला जॉर्ज शल हा शास्त्रज्ञ पाठवला. पण शास्त्राच्या हाती फारसं काही लागेना. १९०९ मध्ये मदत थांबली. शल मात्र मक्याची कणसं मोजत राहिला, नोंदी ठेवत राहिला; आजच्या संकरित मक्याच्या पायात ते काम आहे.

बरबँक १९२६ मध्ये गेला. वनस्पतींच्या नव्या वाणांना पेटंट देणारा कायदा अमेरिकेत आला १९३० मध्ये, आणि मग त्याच्या नावे १६ पेटंट निघाली, त्याच्या माघारी. परमहंस योगानंदांनी 'योगी कथामृत' याच मित्राला अर्पण केलंय. कॅलिफोर्नियात त्याच्या वाढदिवशी, ७ मार्चला, वृक्षदिन साजरा होतो. म्हणजे मान भरपूर मिळाला. पण हजारातलं एक रोप ओळखणारी ती नजर? ती कोणालाच शिकता आली नाही.

तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचं जर्नल उतरवून काढताना एवढं आठवा: वहीतली तुमची स्वतःची नोंद फक्त मार्कांसाठी नसते. फसलेला प्रयोगसुद्धा लिहून ठेवलात, तर तुमच्या मागून येणाऱ्याला तिथून पुढे जाता येतं.