अ‍ॅलन पिंकर्टन

अ‍ॅलन पिंकर्टन (२५ ऑगस्ट १८१९, ग्लासगो – १ जुलै १८८४, शिकागो) हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला अमेरिकन गुप्तहेर होता. लाकडी पिंपे बांधण्याचा चांगला चाललेला धंदा सोडून वयाच्या तिशीच्या सुमारास तो पोलीस दलात आला. पुढे त्याने स्थापन केलेली पिंकर्टन नॅशनल डिटेक्टिव्ह एजन्सी ही एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतील सर्वांत प्रबळ खासगी तपाससंस्था ठरली.

सुरुवातीचे जीवन

पिंकर्टनचा जन्म ग्लासगो शहराच्या गॉर्बल्स या कामगारवस्तीत झाला. वडील लवकर वारल्यामुळे त्याचे शिक्षण लहानपणीच थांबले आणि तो पिंपे बांधण्याचे काम शिकला. तरुणपणी तो चार्टिस्ट चळवळीत सामील झाला. कामगारांनाही मताधिकार मिळावा, ही या चळवळीची प्रमुख मागणी होती. सरकारी दडपशाही वाढल्यावर अटक टाळण्यासाठी त्याने देश सोडला, असे त्याच्या चरित्रांतून सांगितले जाते. १८४२ मध्ये जोन कारफ्रे हिच्याशी विवाह करून तो तिच्यासह उत्तर अमेरिकेकडे निघाला. वाटेत त्यांचे जहाज फुटले. दोघे बचावले, पण सामान गेले.

काही काळ शिकागोतील एका मद्यनिर्मिती कारखान्यात पिंपे बांधल्यानंतर १८४३ मध्ये त्याने इलिनॉय राज्यातील डंडी या गावी, फॉक्स नदीच्या काठी, स्वतःची कार्यशाळा उघडली. थोड्याच वर्षांत त्याच्या हाताखाली काही कारागीर काम करू लागले.

व्यवसायबदल

१८४७ च्या सुमारास पिंपांसाठी लाकूड तोडायला तो नदीतील एका निर्जन बेटावर गेला असता त्याला विझलेल्या शेकोटीच्या खुणा दिसल्या. फुकट मिळणाऱ्या लाकडाच्या शोधात आलेल्या या कारागिराने रात्री परत येऊन बेटावर पाळत ठेवली आणि तेथील हालचालींची खबर शेरीफला, म्हणजे परगण्याच्या पोलीस प्रमुखाला, दिली. बेटावर खोटा पैसा तयार करणारी टोळी होती. शेरीफच्या तुकडीबरोबर पिंकर्टनही गेला आणि टोळी साहित्यासह पकडली गेली.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन चलनव्यवस्था लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत तेव्हा सरकारी कागदी चलन नव्हते. निरनिराळ्या राज्यांतील बँका आपापल्या नोटा काढत. त्यामुळे खरी नोट कोणती आणि बनावट कोणती, हे गावच्या दुकानदाराला कळणे कठीण होते, आणि खोटी नोट हाती आली की नुकसान त्याचेच. म्हणूनच डंडीतील व्यापाऱ्यांनी लगेच दुसरे काम पिंकर्टनकडे आणले. गावात आलेल्या जॉन क्रेग या संशयिताला पकडून द्यावे, अशी त्यांची विनंती होती. आपण पिंपे बांधणारे, हे आपले काम नव्हे, असे वाटून पिंकर्टन आधी कचरला. पण अखेर त्याने ग्राहकाचे सोंग घेऊन क्रेगचा विश्वास मिळवला आणि शिकागोत त्याला पकडून दिले. क्रेग नंतर कोठडीतून निसटला. नाव मात्र पिंकर्टनचे झाले.

तरीही त्याने धंदा तडकाफडकी सोडला नाही. प्रथम तो केन परगण्याचा उपशेरीफ झाला, तेव्हाही कार्यशाळा चालूच होती. काही काळाने ती विकून त्याने शिकागोला बिऱ्हाड हलवले. १८४९ मध्ये तो शिकागो पोलीस दलातील पहिला डिटेक्टिव्ह झाला. शहराची लोकसंख्या तेव्हा तीस हजारांच्या आसपास होती. ही नोकरी त्याने फार काळ केली नाही, पण बेटावर सापडलेली पद्धत त्याने आयुष्यभर सोडली नाही: पाळत ठेवणे, वेश व नाव बदलणे आणि गुन्हेगारांत मिसळणे.

पिंकर्टन एजन्सी

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीस एडवर्ड रकर या वकिलाच्या भागीदारीत त्याने खासगी संस्था काढली. रेल्वे राज्याराज्यांतून धावत होती, पोलिसांचे अधिकार मात्र स्थानिक हद्दीपुरते होते. ही उणीव पिंकर्टनने भरून काढली आणि रेल्वे कंपन्या त्याच्या मुख्य ग्राहक बनल्या. १८५६ मध्ये त्याने केट वॉर्न हिला नेमले. तिला अमेरिकेतील पहिली स्त्री डिटेक्टिव्ह मानले जाते. संस्थेचे बोधचिन्ह उघडा डोळा हे होते. घटस्फोटाची प्रकरणे घ्यायची नाहीत आणि बक्षिसे स्वीकारायची नाहीत, असे तिचे नियम होते.

पिंकर्टन गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. पळून आलेल्या गुलामांना त्याच्या घरी आसरा मिळे. १८५९ मध्ये जॉन ब्राउन मुक्त केलेल्या गुलामांना घेऊन शिकागोत आला, तेव्हा पिंकर्टनने पैसे जमवून त्यांना कॅनडाकडे पाठवण्याची व्यवस्था केली. कायद्याचा रक्षक म्हणून नाव मिळवलेला हा माणूस इथे उघडउघड कायदा मोडत होता.

फेब्रुवारी १८६१ मध्ये नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या हत्येचा कट बाल्टिमोर येथे शिजत असल्याचे त्याने कळवले आणि त्यांना रातोरात गुप्तपणे वॉशिंग्टनला पोहोचवले. हा कट कितपत खरा होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. यादवी युद्धात त्याने सेनापती मॅक्लेलन यांच्यासाठी हेरगिरी केली. तेथे मात्र तो कमी पडला. शत्रुसैन्याचे त्याने दिलेले आकडे वास्तवापेक्षा फार मोठे असत, आणि मुळातच सावध असलेले मॅक्लेलन त्यामुळे अधिकच थबकले.

उत्तरायुष्य

१८६९ मध्ये त्याला पक्षाघात झाला. १८७५ मध्ये जेसी जेम्स या दरोडेखोराच्या शोधात त्याच्या माणसांनी जेम्सच्या कुटुंबाच्या घरात ज्वालाग्राही वस्तू फेकली. स्फोटात जेसीचा आठ वर्षांचा सावत्र भाऊ ठार झाला आणि आईचा हात गेला. जेसी तेथे नव्हताच.

पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींमध्ये आयरिश कामगारांच्या ‘मॉली मॅग्वायर्स’ या गुप्त संघटनेत त्याने १८७३ मध्ये जेम्स मॅकपार्लंड हा हस्तक घुसवला. हे काम ज्या रेल्वे कंपनीसाठी होते, तिच्याच खाणींमध्ये संघर्ष पेटलेला होता. मॅकपार्लंडच्या साक्षीमुळे अनेकांना फाशी झाली. २१ जून १८७७ या एकाच दिवशी दहा जण फासावर गेले. कामगारांच्या हक्कांसाठी ज्याला मायदेश सोडावा लागला, त्याचेच नाव पुढे अमेरिकन कामगारांना दहशतीचे वाटू लागले.

पिंकर्टनच्या नावावर गुप्तहेरकथांची अनेक पुस्तके आहेत. त्यांतील तपशील जपूनच स्वीकारावे लागतात. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्याची कबर आहे. केट वॉर्नचे दफनही पिंकर्टन कुटुंबाच्या जागेतच झाले आहे. त्याच्या मृत्यूनंतर संस्था विल्यम व रॉबर्ट या मुलांनी चालवली. १८९२ मध्ये होमस्टेड येथील पोलाद कारखान्याच्या संपात तिचे सशस्त्र रक्षक व कामगार यांच्यात रक्तपात झाला. पुढच्याच वर्षी, पिंकर्टनच्या माणसांना अमेरिकेच्या केंद्र सरकारने नोकरीवर घेऊ नये, असा कायदा झाला.