दानवीर जगडूशा आणि लज्जापिंड

जैन श्रावकांच्या परंपरेत ज्यांचे नाव ‘दानवीर’ या बिरुदासह घेतले जाते, असे थोर पुरुष म्हणजे कच्छमधील भद्रेश्वरचे जगडूशा. इसवी सनाच्या तेराव्या शतकात होऊन गेलेल्या या श्रीमाळी श्रावकाचे चरित्र सर्वानंदसूरी यांनी ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात लिहून ठेवले आहे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांचे पुण्यस्मरण करणे उचित वाटते.

जगडूशांचे वडील कंथकोट सोडून भद्रेश्वर बंदरात स्थायिक झाले होते. त्यांच्या पश्चात घरसंसार व व्यापार यांची धुरा जगडूशांनी सांभाळली. त्यांची गलबते दूरदूरच्या बंदरांपर्यंत जात. या व्यापारात मिळालेले धन त्यांनी नगराची तटबंदी उभारणे, जिनमंदिरांचा जीर्णोद्धार व विहिरी-तलाव यांसाठी वेचले. इतर धर्मीयांसाठी त्यांनी मशीद बांधून दिल्याचाही उल्लेख चरित्रात आहे.

विक्रम संवत १३१२ नंतर तीन वर्षे भीषण दुष्काळ पडणार असल्याची सूचना त्यांना गुरू परमदेवसूरी यांच्याकडून मिळाली, असे चरित्रकार सांगतात. जगडूशांनी ठिकठिकाणी माणसे पाठवून धान्य खरेदी केले व कोठारे भरली. पुढे खरोखरच संवत १३१३ ते १३१५, म्हणजे इसवी सन १२५६ ते १२५८ च्या सुमारास, पाऊस पडला नाही. आम्ही व्यापारी मंडळी भावाची चाल ओळखून माल भरतो आणि भाव चढला की विकतो. त्या तीन वर्षांत धान्य सोन्याच्या मोलाने विकले गेले असते. परंतु जगडूशांचा साठा त्यासाठी नव्हताच.

गुजरातचे राजे विसलदेव यांची कोठारे रिकामी झाली, तेव्हा त्यांनी जगडूशांना बोलावून धान्याची मागणी केली. आपल्या मालकीचा एक कणही नाही, असे जगडूशांनी नम्रपणे सांगितले. कोठारातील ताम्रपट पाहिला असता, हे धान्य रंकांसाठी आहे असे त्यावर कोरलेले आढळले. त्यानंतर जगडूशांनी राजाला ८,००० मुडे धान्य प्रजेसाठी दिले. सिंधच्या हम्मीरास १२,००० मुडे दिल्याचे चरित्रात नमूद आहे. याखेरीज त्यांनी ११२ दानशाळा चालविल्या.

मात्र मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे आणखी एक कार्य. दानशाळेच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा उपाशी राहणे पत्करणारी कुलीन घरे त्याही काळी होती. त्यांच्यासाठी जगडूशांनी लाडवासारखे पिंड तयार करविले, आत सोन्याचे दिनार ठेविले आणि ते रात्रीच्या वेळी वाटले. चरित्रकारांनी त्यांना ‘लज्जापिंड’ असे अर्थपूर्ण नाव दिले आहे. अन्नासोबत घेणाऱ्याची लाजही राखली जावी, एवढा सूक्ष्म विचार त्या भीषण काळात या श्रावकाने केला.

येथे स्वतःची एक चूक कबूल करतो. २०२०च्या टाळेबंदीत आपल्या सभागृहात कार्यकर्ते गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल यांच्या पिशव्या भरीत होते. वाटपाच्या वेळी यादी माझ्या हाती होती. एक परिचित गृहस्थ दाराशी दिसताच मी आपुलकीने त्यांना मोठ्याने नावाने हाक मारली. सर्वांच्या माना वळल्या. ते गृहस्थ, केवळ चौकशीसाठी आलो होतो, असे म्हणून रिकाम्या हाताने परतले. रात्री मी त्यांच्या दाराशी पिशवी ठेवून आलो. ते पुन्हा वाटपास आले नाहीत. माझ्या हाकेत वाईट हेतू नव्हता, पण लज्जापिंडाचे मर्म मला तेव्हा उमगले नव्हते.

म्हणूनच नम्र विनंती आहे. पुढील काळात अन्नदानाच्या वेळी घेणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत, नावे पुकारू नयेत आणि शक्य तेथे पिशवी अंधार पडल्यावर घरपोच करावी. पिशवी भरणाऱ्या हातांना पुण्य लाभतेच. ती घेणारी मान ताठ राहिली, तर जगडूशांचा वारसा आपण खऱ्या अर्थाने चालविला असे होईल.

जय जिनेंद्र!