फ्लेमिंग यांचे औषध आणि पोटातील जंतू

पेनिसिलीनमुळे अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये डार्वेल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे लंडनला येऊन त्यांनी चार वर्षे जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडा पैसा मिळाला तेव्हा ते सेंट मेरीज इस्पितळात वैद्यकी शिकायला गेले आणि तेथेच रमले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बुलोन येथे होते. खोल जखमेत जंतुनाशक ओतले की सगळे जंतू मरत नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या शरीराच्या पांढऱ्या पेशीच मरतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९२१ साली त्यांना सर्दी झाली, तेव्हा स्वतःच्या शेंबडातच जंतू विरघळवणारा पदार्थ त्यांना सापडला. हे वर्गात सांगितले की मुले नाक धरून हसतात.

सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुट्टीवरून परतले. एका बशीत बुरशी वाढली होती व तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. त्या बुरशीचे औषध पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी व चेन यांनी तयार केले. १९४५ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग वारले.

जखमेत त्यांनी जे पाहिले, तेच पुढे पोटातही दिसले. अशी औषधे रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपयोगी जंतूही मारतात. रिकाम्या जागी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि जुलाबांनी माणूस खंगतो. तो या दुखण्याचे कारण आहे हे १९७८ च्या सुमारास कळले. औषध दिले की उतार पडतो, पण काहींना दुखणे पुन्हा पुन्हा उलटते.

अशांना आता निरोगी माणसाची विष्ठा, नीट तपासून व गाळून, नळीने आतड्यात देतात. किळस येते खरी! पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या हॉलंडमधील प्रयोगात १६ पैकी १३ रुग्ण एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले. फ्लेमिंग यांच्या ब्रिटनमध्येही सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ साली, दोन किंवा अधिक वेळा हे दुखणे होऊन गेलेल्या व पुन्हा आजारी पडलेल्या प्रौढांसाठी या उपचाराची शिफारस केली. नळी नको असेल तर तेच आता कॅप्सूलमध्ये भरूनही देता येते.