दिवाण देवडीचा शेवटचा धनी

हैदराबादच्या सालारजंग घराण्यातील तिसऱ्या आणि अखेरच्या सालारजंगाचा जन्म हैदराबादेत नव्हे, तर पुण्यात झाला, ही गोष्ट मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. १३ जून १८८९ रोजी मीर युसूफ अली खान जन्मले आणि महिनाही उलटला नव्हता तोच त्यांचे वडील मीर लायक अली खान, म्हणजे दुसरे सालारजंग, निवर्तले. त्यांचे वय तेव्हा अवघे पंचविशीच्या आसपास होते. निजामाची दिवाणगिरी त्यांच्या हातून दोन वर्षे आधीच गेली होती. तान्ह्या मुलाच्या वाट्याला आली ती विस्तीर्ण जहागीर, मोठे नाव आणि आजोबांची आठवण.

आजोबा म्हणजे मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे त्यांनी निजामाचे राज्य सांभाळले. कर्जात बुडालेल्या संस्थानाची महसूल व्यवस्था त्यांनी नव्याने उभी केली आणि इंग्रजांकडे गेलेला वऱ्हाड परत मिळावा म्हणून अखेरपर्यंत खटपट केली. १८७६ मध्ये ते युरोपात गेले. वऱ्हाड काही मिळाला नाही. मात्र त्या प्रवासात रोममध्ये बेन्झोनी या शिल्पकाराने घडविलेली अवगुंठित रिबेकाची संगमरवरी मूर्ती त्यांनी विकत घेतली. दगडातूनच कोरलेल्या झिरझिरीत ओढणीआडून दिसणारा तो चेहरा पाहण्यासाठी आजही लोक त्या दालनात थबकतात. संग्रह नातवाच्या नावावर मोडतो, पण त्यातील सर्वांत लोकप्रिय मूर्ती आजोबांनी आणलेली आहे.

पोरक्या युसूफ अलींचे पालकत्व सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानांनी घेतले. निजाम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आल्यानंतर १९१२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आजोबांचे आणि वडिलांचे दिवाणपद त्यांच्याकडे आले. ते जेमतेम अडीच वर्षे टिकले. नोव्हेंबर १९१४ मध्ये ते पायउतार झाले आणि निजामाने कारभार स्वतःच्या हाती घेतला. सत्तेच्या खेळात मुरलेल्या घराण्याचा वारस पंचविसाव्या वर्षी रिकामा झाला. त्यांनी विवाहही केला नाही. पुढची चौतीस वर्षे या माणसाने वस्तू गोळा केल्या.

मुसीच्या दक्षिणेला जुन्या शहरात त्यांची दिवाण देवडी होती. नवाब खरेदी करतात ही वार्ता पसरली, तसे देशोदेशीचे व्यापारी देवडीची वाट धरू लागले. परदेशांतही त्यांच्यासाठी वस्तू हेरणारे दलाल होते. स्वतः नवाबांनी युरोप आणि मध्यपूर्वेचा प्रवास केला. चिनी मातीची भांडी, जपानी भरतकाम, फ्रेंच फर्निचर, मोगल आणि दख्खनी लघुचित्रे, बिदरी काम, हस्तिदंत, शस्त्रे, घड्याळे, अगदी लहान मुलांची खेळणीसुद्धा! हरिताश्माच्या संग्रहात अल्तमशचे नाव कोरलेली ग्रंथपीठिका आहे, तसाच नूरजहानचा म्हणून सांगितला जाणारा खंजीरही आहे. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखिते तर हजारोंच्या संख्येत आहेत. याकूत अल-मुस्तआसिमी या प्रख्यात सुलेखनकाराच्या हातची मानली जाणारी कुराणाची प्रत त्यांतच आहे.

या संग्रहावर जाणकारांचा एक जुना आक्षेप आहे. नवाबांना निवड नव्हती. उत्तम आणि सामान्य यांची त्यांनी सरमिसळ केली, असे म्हटले जाते. आक्षेप अगदीच निराधार नाही. सोळाव्या लुईने टिपू सुलतानला दिलेल्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या हस्तिदंती खुर्च्यांपासून काही अंतरावर एकोणिसाव्या शतकातील बाजारू युरोपीय तैलचित्रे टांगलेली दिसतात. तथापि, संग्रहालय काढायचे म्हणून नियोजनपूर्वक केलेली ही खरेदी नव्हती. घर भरत गेले, इतकेच. अजिंठा हे गाव ज्यांच्या जहागिरीत होते, त्या माणसाला काचेची बाहुलीही मोह घालू शकत होती. तज्ज्ञांना जे खटकते, तेच मराठवाड्यातून सहलीला येणाऱ्या शाळकरी पोरांना खिळवून ठेवते.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाचे राज्य संपले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, २ मार्च १९४९ रोजी तिसरे सालारजंग वारले. मूलबाळ नव्हते. ज्या दरबारी जगात या संपत्तीला संरक्षण होते, ते जगच कोसळलेले होते. अनेक वाड्यांत विखुरलेल्या या वस्तू आप्तांमध्ये वाटल्या जाऊन लिलावाच्या मार्गाने दाही दिशांना जाणे, हेच त्या काळी अधिक संभवनीय होते. हिंदुस्थानातील कितीतरी राजघराण्यांच्या बाबतीत पुढे तसेच घडले.

ते टळले याचे श्रेय एका व्यक्तीचे नाही. जहागिरीचा कारभार पाहण्यासाठी समिती नेमली गेली. राज्याचे प्रशासन सांभाळणारे एम. के. वेल्लोडी यांनी जेम्स कझिन्स या कलासमीक्षकाला पाचारण करून विखुरलेल्या वस्तूंची मांडणी करवून घेतली. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. वारसांचा प्रश्न मात्र न्यायालयात होता. अखेर उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या आधारे डिसेंबर १९५८ मध्ये तडजोडपत्र झाले आणि कुटुंबीयांनी संपूर्ण संग्रह भारत सरकारला दिला. ज्यांना यातून लाखोंचा वाटा मिळू शकला असता, त्यांची नावे आज कोणी घेत नाही. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला.

१९६८ मध्ये संग्रह मुसीकाठच्या नव्या इमारतीत हलला. नवाबांच्या मृत्यूनंतरच्या गोंधळात आणि या हलवाहलवीत बरेच काही नाहीसे झाले, असे जुन्या हैदराबादेत अजून बोलले जाते. जे उरले, त्यात ४० हजारांहून अधिक कलावस्तू आहेत. देवडीत एकमेकींच्या शेजारी असलेल्या वस्तू नव्या इमारतीत देशवार आणि प्रकारवार वेगळ्या झाल्या. सोयीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण नवाबांचे घर त्यांच्या हयातीत कसे दिसत असेल, हे आता कुठल्याच दालनात कळत नाही.

दिवाण देवडीही राहिली नाही. वाडा पडला, त्या जागी बाजार उभा राहिला आणि जुन्या कमानी तेवढ्या रस्त्यावर शिल्लक आहेत. तेथून थोड्याच अंतरावर, संग्रहालयाच्या चौकात, दर तासाला शेकडो लोक कुक अँड केल्व्ही कंपनीच्या घड्याळासमोर जमतात. छोटे दार उघडते, दाढीवाला बाहुला बाहेर येतो, तासाचे ठोके देतो आणि पुन्हा आत जातो.